ट्रंकेत सापडलेली पदकं: पुसायच्या आधी वाचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. गिरगावातली इमारत पुनर्विकासाला गेली आहे आणि महिनाअखेर घर रिकामं करायचंय. माळ्यावरच्या काळ्या ट्रंकेत आईच्या मामांची दोन पदकं, एक तार, पत्रांचा गठ्ठा आणि गणवेशातला फोटो सापडला. मामा सेकंड लेफ्टनंट होते, डिसेंबर १९७१ मध्ये पश्चिम आघाडीवर गेले, तेव्हा त्यांचं वय होतं २३. एक पदक हिरवं पडलंय आणि ‘अजून एक तरी असणार’ असं घरातले म्हणतात. जिन्यापाशी त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे, तिच्यावरची तारीख चुकल्याची शंका आहे. पदकं चमकवून फ्रेम करायची, कमी असलेलं बाजारातून आणायचं आणि पाटी नव्या इमारतीत लावायची, असा तुमचा बेत आहे.

बेत चांगला आहे, फक्त क्रम बदला. पदकाची किंमत धातूत नसते. ते अमुक माणसाचं आहे हे सांगणाऱ्या खुणांमध्ये असते: कडेवरची अक्षरं, सोबतचा कागद, ज्या पाकिटातून ते आलं ते पाकीट. आज या सगळ्या खुणा एकाच ट्रंकेत आहेत. सामान हलवताना पदकं एका मावशीकडे, पत्रं दुसऱ्या मामाकडे आणि पाकिटं रद्दीत गेली की पुढच्या पिढीला काहीच जुळवता येत नाही. म्हणून आधी नोंद, मग जुळवणी आणि साफसफाई सगळ्यात शेवटी.

ट्रंक उघडी ठेवून, वस्तू न हलवता वरून फोटो घ्या. मग एकेक थर काढत फोटो घेत जा. झाकणावर किंवा पुढच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवलेलं नाव आणि नंबर असेल, तो अक्षर न अक्षर टिपून घ्या. अधिकाऱ्याच्या नंबरापुढची अक्षरं पुष्कळ सांगतात. ‘आयसी’ म्हणजे परमनंट कमिशन (अधिकारी म्हणून कायमची नेमणूक), ‘एसएस’ म्हणजे शॉर्ट सर्व्हिस (ठरावीक वर्षांची), ‘ईसी’ म्हणजे १९६२ च्या चीन युद्धानंतरचं इमर्जन्सी कमिशन. पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारात हा नंबर नावापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

पत्रं पाकिटातून काढून वेगळी रचू नका. ‘५६ एपीओ’ (आर्मी पोस्ट ऑफिस) हा दिल्लीमार्गे जाणाऱ्या लष्करी टपालाचा पत्ता, ‘९९ एपीओ’ कोलकातामार्गे, म्हणजे पूर्वेकडचा. शिक्क्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि तारीख असते. शेवटच्या महिन्यांतली पत्रं तारखेनं लावली की ते कुठल्या बाजूला होते हे बरंचसं कळतं. अंतर्देशीय पत्रात तर शिक्का आणि मजकूर एकाच कागदावर असतो, त्यामुळे ती उलगडून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या.

आता पदकं. हातात नायट्राइलचे पातळ मोजे घाला, घामातलं मीठ धातूवर बोटांचे ठसे उठवतं. गोल पदकाच्या कडेवर साधारणतः इंग्रजी मोठ्या अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट असतं. चांदणीच्या आकाराचं पदक असेल तर ते मागच्या बाजूला पाहा. खोली अंधारी करून टॉर्च आडवा धरा, म्हणजे प्रकाश कडेला घासून जाईल. सरळ प्रकाशात काहीच न दिसणारी अक्षरं अशा प्रकाशात सावलीनं उठून दिसतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरेसं आहे. पदक थोडं थोडं फिरवत पाच-सहा फोटो घेतले की पूर्ण कड वाचता येते. जे दिसतं तेच लिहा, घरच्यांना आठवतं ते नको. हुद्द्यात फरक सापडला तर घाबरू नका. तारेत ‘लेफ्टनंट’ आणि पदकावर ‘सेकंड लेफ्टनंट’ असं होतं, कारण कायम हुद्दा आणि त्या वेळी दिलेला हुद्दा वेगळा असू शकतो. आडनावाच्या इंग्रजी लेखनात एखादं अक्षर इकडंतिकडं असणंही नेहमीचं आहे. नंबर जुळला की पदक त्यांचंच.

‘एक कमी आहे’ या शंकेचं उत्तर दोन तारखांमध्ये आहे: कमिशनची आणि मृत्यूची. १९७१ च्या पश्चिम आघाडीसाठी ‘पश्चिमी स्टार’ दिला गेला, पूर्वेसाठी ‘पूर्वी स्टार’ आणि त्या युद्धकाळात सेवेत असलेल्यांना ‘संग्राम मेडल’. तेविसाव्या वर्षी गेलेल्या अधिकाऱ्याच्या वाट्याला एवढीच दोन पदकं येणं अगदी स्वाभाविक आहे. १९६५ च्या युद्धाचे ‘समर सेवा स्टार’ आणि ‘रक्षा मेडल’ त्यांना मिळणं शक्य नाही, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्यांना मिळालं, म्हणजे तेही नाही. दीर्घ सेवेची पदकं तर दूरच. जम्मू-काश्मीर किंवा हिमालयातल्या ठाण्यांवर पुरेसा काळ काढला असेल तर ‘सैन्य सेवा मेडल’ असू शकतं, त्याच्या फितीवर प्रदेशाच्या नावाची पट्टी असते. तुमच्या बाबतीत मुख्य शक्यता उरते ती हीच. जुन्या तुकडीतल्या मित्राच्या छातीवर सहा पदकं दिसतात म्हणून मामांची चार हरवली, असा निष्कर्ष घरोघरी काढला जातो. मित्र पुढे तीस वर्षं सेवेत होता, हे लक्षात घेतलं जात नाही.

शौर्यपदकाची गोष्ट वेगळी. वीर चक्र चांदीचं असतं आणि त्याची फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी असते. महावीर चक्राची अर्धी पांढरी, अर्धी केशरी. ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’साठी, म्हणजे युद्धाच्या अहवालात नावानिशी झालेल्या गौरवासाठी, वेगळं पदक नसतं, मोहिमेच्या पदकाच्या फितीवर कमळाच्या पानाचं छोटं चिन्ह लावतात. तसं चिन्ह किंवा त्याच्या टाचणीची भोकं फितीवर आहेत का ते भिंगाखाली पाहा. शौर्यपदकं भारताच्या राजपत्रात जाहीर होतात, तेव्हा घरातल्या आठवणीपेक्षा राजपत्र प्रमाण माना. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर नावानं शोधता येतं.

कागदांसाठी कुठं लिहायचं, इथं बहुतेकांचे महिने वाया जातात. जवान आणि जेसीओंच्या (सुभेदारांसारख्या कनिष्ठ कमिशनप्राप्त अधिकाऱ्यांच्या) नोंदी रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. अधिकाऱ्यांच्या नसतात. लष्करी अधिकाऱ्याची फाइल दिल्लीत सेना मुख्यालयात, अ‍ॅडज्युटंट जनरलच्या शाखेखालच्या मनुष्यबळ विभागाकडे असते. म्हणून रेजिमेंटल सेंटरला लिहिलेलं पत्र ‘आमच्याकडे नोंद नाही’ म्हणून परत येतं आणि घरचे खचतात. सेंटरला लिहाच, पण युनिटच्या इतिहासासाठी आणि जुन्या फोटोंसाठी. सेवेच्या नोंदीसाठी दिल्लीला. अर्जात नंबर, पूर्ण नाव, युनिट, मृत्यूची तारीख, तुमचं नातं आणि त्याचा पुरावा द्या. मागणीही नेमकी करा: कमिशनची तारीख, मृत्यूची नोंदलेली तारीख आणि ठिकाण, ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईतला मृत्यू) म्हणून नोंद आहे का, कोणती पदकं मंजूर झाली आणि कोणती प्रत्यक्ष पाठवली. ‘सगळी माहिती द्या’ अशा अर्जाला सहसा काहीच मिळत नाही. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, केंद्राच्या पोर्टलवरून होतो, शुल्क १० रुपये. मुंबई शहरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पुढे पाठवून घेतला तर नात्याच्या पुराव्याचे प्रश्न तिथंच सुटतात.

दरम्यान घरातच एक कागद शोधा: मामांच्या आईवडिलांच्या पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. बँकेच्या जुन्या पासबुकांबरोबर तो हमखास निघतो. त्यावर नंबर, हुद्दा आणि मृत्यूच्या कारणानुसार पेन्शनचा प्रकार असतो. युद्धात गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी ‘लिबरलाइज्ड’ पेन्शन १९७२ मध्ये लागू झाली, तो शब्द पीपीओवर दिसला तर मोठा पुरावा हाती आला. वर्तमानपत्रातली निधनवार्ता हवी असेल तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुन्या अंकांची चौकशी करा.

तारखेचा घोळ साधारण कसा होतो ते सांगतो, कारण तुमच्या पाटीवरही तेच झालं असावं. तारेवर असते ती तार निघाल्याची किंवा पोचल्याची तारीख. मृत्यू त्याआधी झालेला असतो. दुःखाच्या त्या दिवसांत तीच तारीख मनावर कोरली जाते, वर्षश्राद्धही त्यावरून धरलं जातं आणि पुढे पाटीवर उतरते. पश्चिम आघाडीवर युद्धविराम १७ डिसेंबरला रात्री आठ वाजता झाला. पाटीवर त्यानंतरची तारीख असेल तर दोन शक्यता तपासा: ती तारेची तारीख आहे, किंवा जखमी होऊन नंतर इस्पितळात, नाहीतर सुरुंग काढताना मृत्यू झाला. ‘बेपत्ता, मृत समजले’ अशी आधी नोंद झालेली असेल तर अधिकृत तारीख आणखी वेगळी निघू शकते. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या त्यागचक्रात ग्रॅनाइटवर नावं कोरलेली आहेत आणि त्यांचा शोध ऑनलाइनही घेता येतो. तिथली नोंद पाहा, पण सेना मुख्यालयाचं उत्तर येईपर्यंत नवीन दगडावर काहीही कोरून घेऊ नका.

पाटीला मात्र थांबायला वेळ नाही, ती आधी सोडवावी लागेल. इमारत पाडणाऱ्या कंत्राटदाराचा सहसा पाडलेल्या मालावर हक्क असतो. पाटी त्यातून वगळली आहे, ती कोण काढणार, मधल्या काळात कोण सांभाळणार आणि नव्या इमारतीत कुठं लागणार, हे सोसायटीच्या सभेच्या ठरावात आणि विकासकाबरोबरच्या करारात शब्दांनी आलं पाहिजे. ‘बघून घेऊ’वर सोडू नका.

काढण्याआधी रात्री दिवे बंद करून डावीकडून, उजवीकडून आणि वरून टॉर्च आडवा धरून फोटो घ्या. पातळ कागद चिकटपट्टीनं भिंतीवर लावून मऊ पेन्सिलीनं ठसाही घ्या, म्हणजे अक्षरांचं मूळ माप राहतं. पाटी ६० बाय ४५ सेंटिमीटर आणि २ सेंटिमीटर जाड असेल तर वजन साडेचौदा किलोच्या आसपास भरतं. दोन माणसं लागतातच. कोपऱ्यात पहार घालून उचकटली की संगमरवर अक्षरांच्या ओळीतून तडकतो, कारण कोरलेल्या जागी दगड पातळ असतो. त्यासाठी पाटीभोवतीचं चारही बाजूंचं प्लास्टर बोटभर रुंद आणि खोल काढायचं, पुढच्या बाजूला फळीचा आधार द्यायचा आणि शक्य असेल तर मागच्या बाजूनं भिंतीची वीट काढत यायचं. मागे थोडी वीट-सिमेंट चिकटून आलं तर येऊ द्या, ते नंतर निवांत काढता येतं. पाटी कधीही आडवी ठेवू किंवा नेऊ नका. लाकडी खोक्यात, थर्मोकोलच्या दोन तक्त्यांमध्ये, लांब बाजूवर उभी ठेवा.

स्वच्छतेसाठी फरशीचं अ‍ॅसिड नको. ते संगमरवर विरघळवतं आणि अक्षरांच्या धारा बोथट करतं. एक लिटर साध्या पाण्यात चमचाभर सौम्य द्रवसाबण आणि मऊ ब्रश एवढंच. आधी दगड पूर्ण भिजवून घ्या, खालून वर घासत जा आणि भरपूर पाण्यानं धुवा. कोरड्या दगडावर वरून घाण पाणी ओघळलं की त्याचे ओघळ शोषले जाऊन कायमचे राहतात.

चुकलेली तारीख घासून काढून नवी कोरायची, असा सल्ला पाटीवाला देईल. माझं स्पष्ट उत्तर आहे: नको. जुनी पाटी शेजाऱ्यांनी त्या वेळी वर्गणी काढून लावली असेल तर चुकीसकट ती त्या काळाचा दस्तऐवज आहे. तिच्याखाली छोटी दुसरी पाटी लावा आणि अधिकृत तारीख, युनिट, ठिकाण तिथं द्या. तिच्यावर हुद्दा आणि पूर्ण नाव अवश्य असू दे. माहीमचा लेफ्टनंट दिलीप गुप्ते मार्ग किंवा पार्ल्याचा कॅप्टन विनायक गोरे उड्डाणपूल रोज हजारो लोक वापरतात, पण रस्त्याच्या फलकावर नावापलीकडे जागा नसते. माणूस कोण होता, कुठल्या पलटणीत होता, कुठं लढला, हे अशा जिन्यातल्या पाटीवरच मावतं. मजकूर खऱ्या मापात कागदावर छापून भिंतीवर लावा आणि घरातल्या तिघांकडून वेगवेगळा तपासून घ्या. अक्षरांची उंची २० ते २५ मिलिमीटर असली की दोन-तीन मीटरवरून आरामात वाचता येतं. पावसाचा मारा लागणाऱ्या जागी ग्रॅनाइट घ्या. पितळेची पाटी मुंबईच्या हवेत सारखी घासावी लागते आणि घासून घासून अक्षरंच झिजतात. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच वापरा. लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत गंजून फुगतात आणि दगडाचा कोपरा उडवतात.

आता हिरव्या पदकाकडे येऊ. पितांबरी, ब्रासो, चिंच, लिंबू, राख, यांतलं काहीही लावू नका. देवाच्या भांड्यांना हे चालतं, कारण तिथं झिजण्यासारखी अक्षरं नसतात. पावडर कडेवरचं नाव खाते आणि खाचांत अडकून पुन्हा पांढरट-हिरवी पुटं धरते. आंबट पदार्थानं पदक गुलाबी तांबूस होतं आणि दमट हवेत लगेच पुन्हा कळकतं. आधी हिरवं कसलं आहे ते पाहा. कडीजवळ मेणासारखं चिकट हिरवं असेल तर ते प्लास्टिकच्या पाकिटामुळं किंवा चामड्याच्या डबीमुळं आलेलं असतं. ते लाकडी टूथपिकनं, भिंगाखाली, धातूला न ओरबाडता सुटतं. राहिलेलं इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, फितीला थेंबही लागू न देता. घट्ट बसलेला, गुळगुळीत, काळपट-हिरवा थर असेल तर तसाच राहू द्या, तो धातूचं रक्षणच करतो. पण फिकट हिरवी भुकटी ठिपक्याठिपक्यांनी उठत असेल आणि झटकल्यावर काही दिवसांत पुन्हा येत असेल तर तो क्षारांचा रोग आहे, समुद्राजवळच्या घरांत विशेष. तो घरी बरा होत नाही. पदक कोरड्या हवाबंद डब्यात ठेवून जाणकाराला दाखवा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्तूंच्या जतनाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथं सल्ला विचारता येईल.

फीत धुऊ नका, रंग एकमेकांत उतरतात. जीर्ण झाली असेल तर ती मूळ फीत सपाट ठेवून जपा आणि दर्शनी भागासाठी नवी लावा. जुनी फेकायची नाही.

साठवणीला हवाबंद झाकणाचा पॉलिप्रॉपिलिनचा डबा घ्या. पाच लिटरच्या डब्याला साधारण १०० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. रंग बदलणारं घ्या, नारिंगीचं हिरवं झालं की ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास ओव्हनमध्ये ठेवून पुन्हा वापरता येतं. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. धातू आणि फीत एकत्र असताना आर्द्रता ४० ते ४५ टक्के राहिली की दोघांनाही मानवतं. नुसत्या धातूला याहून कोरडी हवा चालते, पण फार कोरड्यात फीत आणि कागद ठिसूळ होतात. म्हणून कागद वेगळ्या डब्यात. वर्तमानपत्र, रबरबँड, लोकरी कापड, मऊ पीव्हीसीची पाकिटं आणि डांबराच्या गोळ्या दोन्ही डब्यांतून बाद. कागदांच्या टाचण्या काढा, लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. पत्रं ४०० आणि फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करून दोन वेगळ्या घरांत प्रती ठेवा.

फ्रेम करायची असेल तर निदान साडेतीन सेंटिमीटर खोलीची पेटी-फ्रेम सांगा, म्हणजे काच पदकाला टेकणार नाही. फ्रेमवाला सवयीनं फेव्हिकॉल किंवा ग्लूगन वापरेल, त्याला आधीच बजावून सांगा. फीत सुती कापडावर सुती दोऱ्यानं टाचायची आणि पदकाचं वजन खालून मऊ आवरण घातलेल्या पितळी टाचण्यांवर घ्यायचं, नाहीतर काही वर्षांत फीत कडीपाशी फाटते. मागे एमडीएफ (लाकडी भुशाची दाबलेली फळी) नको, त्यातून निघणारी वाफ धातू काळा करते. क्रम लावताना सर्वांत वरिष्ठ पदक पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला. तुमच्याकडे दोनच असतील तर आधी पश्चिमी स्टार, मग संग्राम मेडल. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत आणि खिडकीसमोरची जागा टाळा. फितीचे रंग उन्हात गेले की परत येत नाहीत.

बाजारातून पदक घेण्याबद्दल: आधी दिल्लीहून कळू द्या की मंजूर होऊनही न पाठवलेलं पदक आहे का. न मिळालेलं आणि हरवलेलं, या दोन वेगळ्या मागण्या आहेत. हरवलेल्यासाठी पोलिसांकडची नोंद, प्रतिज्ञापत्र आणि वारसाचा पुरावा जवळ ठेवा. तोवर फ्रेममध्ये जागा भरायची असेल तर नक्कल लावा, पण तिच्या मागे ‘प्रतिकृती’ असं लिहा आणि तिच्या कडेवर मामांचं नाव कधीही कोरून घेऊ नका. नाव कोरलेली नक्कल पन्नास वर्षांनी खरी समजली जाते आणि मग खऱ्या पदकांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

संग्रहालयाला द्यायची की घरी ठेवायची, हे घरावर अवलंबून आहे. पुढच्या पिढीत सांभाळणारं कुणी ठरलेलं नसेल तर त्यांच्या रेजिमेंटच्या संग्रहालयाला विचारा. पदकं आणि कागद एकत्रच द्या, वेगळे नाही. देणगी की उसनवारी ते लेखी ठरवा, प्रत्येक वस्तूच्या वर्णनासह आणि कडेवरच्या मजकुरासह पोच घ्या. बहुतेक वस्तू भांडारात राहतात, कायम मांडणीत दिसतीलच असं नाही, हेही आधीच विचारून घ्या. घरी ठेवणार असाल तर कोणाकडे काय आहे याची यादी करून त्यावर सगळ्या भावंडांच्या सह्या घ्या आणि त्या यादीची एकेक प्रत दोन्ही डब्यांत ठेवा.